एका मांजरीने पक्ष्याची अख्खी जात संपवली? स्टीफन्स बेटावरचा रेन

अनुजा_प

न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर लायल्स रेन नावाचा चिमणीहूनही लहान पक्षी होता. त्याला उडता येत नव्हतं. १८९४ साली बेटावर दीपगृह सुरू झालं, तिथल्या माणसाने टिबल्स नावाची मांजर आणली, तिने एकेक करून सगळे पक्षी मारून दाराशी आणून टाकले आणि वर्षभरात जात नामशेष. ही गोष्ट तुम्हीही कुठे ना कुठे वाचली असेल. फॉरवर्डमध्ये येते, प्रश्नमंजुषेत येते, "जगात एकट्या प्राण्याने संपवलेली एकमेव जात" असं ठासून सांगितलं जातं.

आमच्या भागातल्या मुलांच्या निसर्ग मंडळात नामशेष पक्ष्यांवर कार्यक्रम करायचा आहे. ही गोष्ट मुलांना आवडणार यात शंका नाही, पण मला ती जशीच्या तशी सांगवत नाही. दीड चौरस किलोमीटरचं बेट, चढ-उतार, झाडी, खडक. एक मांजर सगळे पक्षी टिपेल हे पटत नाही. शिवाय मांजरीवर बोट ठेवलं की बाकी सगळे आपोआप सुटतात, ते जास्त खटकतं. कोणी या विषयावर नीट वाचलंय का? न्यूझीलंडमध्ये राहणारे सभासद आहेत का इथे?

मनीची_आई

मांजरींची बाजू घ्यायला मी हजर! तीन आहेत घरात. एकीला स्वयंपाकघरात पाल दिसली तरी ती माझ्या मागे लपते.

पिंगळा

विषय आवडीचा. सविस्तर लिहितो, तोवर वेलिंग्टनकरांना हाक मारा, ते जवळच राहतात.

वेलिंग्टनकर

आलो. स्टीफन्स बेट, माओरी नाव ताकापौरेवा, कुकच्या सामुद्रधुनीत डरव्हिल बेटाच्या उत्तर टोकापलीकडे आहे. पर्यटकांना तिथे उतरता येत नाही, संवर्धन खात्याची परवानगी लागते. त्यामुळे मीही बेटावर गेलेलो नाही, पण गोष्टीचा कागदोपत्री भाग बराच वाचला आहे.

या दंतकथेची नीट तपासणी रॉस गॅलब्रेथ आणि डेरेक ब्राउन या दोघांनी २००४ साली केली. पत्रं, दीपगृहाच्या नोंदी, संग्रहालयांतले नमुने असं सगळं एकत्र मांडलं. त्यातून दिसतं ते असं.

दीपगृहाचा दिवा जानेवारी १८९४ मध्ये लागला. त्याआधी दोनेक वर्षं बांधकामाची माणसं बेटावर होतीच. तिथला सहायक रक्षक डेव्हिड लायल. याला पक्ष्यांची आवड होती. त्या वर्षी कुठलीशी मांजर मेलेले छोटे पक्षी आणू लागली, तेव्हा हे काहीतरी वेगळं आहे हे त्याने ओळखलं. सरकारी जहाज 'हिनेमोआ' बेटावर सामान घेऊन यायचं, त्यावरच्या अभियंत्यामार्फत एक नमुना वॉल्टर बुलर या नामांकित पक्षीतज्ज्ञाकडे पोचला. बुलरने तो लंडनला पाठवला.

मांजर एक नव्हती, ही यातली मुख्य गोष्ट. बहुधा गाभण मांजर सुटून रानात गेली आणि बघता बघता रानटी मांजरांची पैदास झाली. १८९५ च्या सुरुवातीला खुद्द लायलच कळवतो की मांजरं रानटी झाली आहेत आणि सगळ्याच पक्ष्यांचा फडशा पाडताहेत. पुढे १८९९ च्या सुमारास आलेल्या रक्षकाने शंभरावर मांजरं गोळ्या घालून मारली, तरी ती संपली नाहीत. बेट मांजरमुक्त व्हायला १९२५ उजाडलं. 'टिबल्स' हे नाव त्या काळच्या कागदांत सापडत नाही, ते मागाहून चिकटलेलं आहे.

थोडक्यात अनुजाताई, तुमची शंका रास्त आहे.

तर्कट

शंभर मांजरं म्हणजे एकाच मांजरीची लेकरं-नातवंडं. मग मूळ गोष्ट फार चुकली असं कसं म्हणता? जात मांजरांनीच संपवली ना?

दुसरा प्रश्न. पक्षी उडत नव्हता तर समुद्रातल्या बेटावर पोचला कसा?

पिंगळा

@तर्कट, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

तो चालत गेला. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली होती, तेव्हा हे बेट मुख्य भूमीलाच जोडलेलं होतं. पाणी चढलं, बेट तुटलं आणि त्यावरचे पक्षी तिथे राहिले. कारण हा पक्षी मुळात एका बेटाचा नव्हताच. त्याची हाडं न्यूझीलंडच्या उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही मोठ्या बेटांवरच्या गुहांमध्ये सापडली आहेत. एके काळी तो देशभर होता.

मग मुख्य भूमीवर त्याला कोणी मारलं? तिथे मांजरं यायच्या कितीतरी आधी तो संपला होता. तेराव्या शतकात पॉलिनेशियन लोक होड्यांतून आले, त्यांच्याबरोबर किओरे हा लहान उंदीर आला. जमिनीलगत, खडकांच्या फटीत राहणाऱ्या आणि उडता न येणाऱ्या पक्ष्याची अंडी-पिल्लं त्या उंदराच्या तोंडी लागली. स्टीफन्स बेटावर उंदीर पोचला नाही, म्हणून तेवढा एक तुकडा वाचला. मांजरींनी जे संपवलं ते एका देशव्यापी जातीचं शेवटचं कोपऱ्यातलं ठाणं होतं. "एका बेटावरचा पक्षी, एका मांजरीने खाल्ला" यात आणि या हकिकतीत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

सुलूताई

किती छान समजावलंत पिंगळा. उडता न येणारा पक्षी म्हणजे मला शहामृग, किवी असे मोठेच आठवतात. चिमणीएवढा पक्षी उडत नाही ही कल्पनाच करता येत नाही. दिसायचा कसा?

पिंगळा

@सुलूताई, साधारण दहा सेंटिमीटर लांब. वरून हिरवट तपकिरी, पिसांना गडद कडा, डोळ्यावरून फिकट पिवळसर रेघ. पाय मोठे, पंख आखूड, शेपूट जवळजवळ नाहीच. चिमण्या, बुलबुल, कावळे ज्या मोठ्या गणात येतात त्यात उडणं सोडलेले पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेही बहुतेक न्यूझीलंडच्या याच रेन कुळातले, एक कॅनरी बेटांवरचा. यातला माणसाने जिवंत पाहून नोंदवलेला फक्त हा.

लायलने तो दोनदाच जिवंत पाहिला. खडकांमधून उंदरासारखा पळायचा आणि इतका चपळ, की काठी किंवा दगड मारता येईल इतकं जवळ जाताच आलं नाही, असं त्याचं सांगणं. पक्षी दिसल्यावर पहिला विचार काठी-दगडाचा! त्या काळी नमुना मिळवायचा म्हणजे हेच.

मेघना_क

हे शेवटचं वाक्य वाचून थांबले. जगात ज्या एकाच माणसाने हा पक्षी जिवंत पाहून वर्णन केलं, त्याच्या वर्णनात दगड मारायचा राहिला ही खंत आहे.

वेलिंग्टनकर

आणि या पक्ष्यावरून लंडनमध्ये जी शर्यत लागली ती वेगळीच. हेन्री ट्रॅव्हर्स नावाचा नैसर्गिक वस्तूंचा व्यापारी होता. त्याने लायलकडून नऊ नमुने घेतले आणि इंग्लंडमधल्या वॉल्टर रॉथ्सचाइल्डला विकले. बँकवाल्या घराण्यातला हा गृहस्थ पक्षी जमवण्याच्या नादाने झपाटलेला. ट्रिंगला स्वतःचं संग्रहालय होतं, गाडीला झेब्रे जुंपून बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत गेला होता. बुलरचा लेख लंडनच्या नियतकालिकात छापायच्या रांगेत असतानाच रॉथ्सचाइल्डने डिसेंबर १८९४ मध्ये ब्रिटिश पक्षीतज्ज्ञांच्या क्लबात वर्णन वाचून छापून टाकलं. शास्त्रीय नावाचा मान पहिल्या छापणाऱ्याला. त्यात ट्रॅव्हर्सचंही नाव आलं, लायलचंही आलं: ट्रॅव्हर्शिया लायली. बुलरने ठेवलेलं नाव बाद झालं. बुलर चांगलाच चिडला.

मार्च १८९५ मध्ये क्राइस्टचर्चच्या 'द प्रेस' वृत्तपत्राने लिहिलं की पक्षी बेटावर आता उरलेला दिसत नाही, म्हणजे तो बहुधा नामशेषच झाला. पहिल्या वर्णनाला जेमतेम तीन महिने झाले होते.

पिंगळा

म्हणूनच मी संग्राहकांना मोकळं सोडत नाही. बातमी सगळ्यांना होती. बुलर होता, ट्रॅव्हर्स होता, सरकारी जहाज ये-जा करत होतं. उरलेल्यातले काही जिवंत धरून दुसऱ्या बेटावर सोडावेत, असं यातल्या कोणाच्याही हातून झालं नाही. आज जगातल्या संग्रहालयांत मिळून पंधराएक कातडी आहेत.

तर्कट

इथे मी पूर्ण असहमत. संग्राहकांनी पक्षी मारले नाहीत, मांजरांनी मारलेले त्यांच्याकडे पोचले. लायलला आवड नसती तर ते पक्षी दाराशी कुजले असते आणि आज आपण हा धागाही काढला नसता. मग गुहांमधली हाडं हातात घेऊन लोक म्हणाले असते, असा एक पक्षी हजार वर्षांपूर्वी होता. १८९४ पर्यंत तो जिवंत होता हे कळलं ते लायल आणि ट्रॅव्हर्समुळे. आजच्या संवर्धनाच्या चष्म्यातून १८९४ च्या दीपगृह कर्मचाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला अन्यायाचं वाटतं.

पिंगळा

लायलला मी आरोपी करत नाही. त्याने मांजरांबद्दल कळवलं, म्हणजे त्याला दिसत होतं. मी बुलरबद्दल बोलतोय. न्यूझीलंडच्या पक्ष्यांवरचा सर्वांत मोठा ग्रंथ लिहिणारा माणूस. देशी पक्षी राखण्यासाठी बेटं राखीव ठेवावीत, ही चर्चा त्याच्या काळात तिथे चालू होती. १८९४ मध्येच रिचर्ड हेन्री नावाचा माणूस रेझोल्यूशन बेटावर सरकारी रक्षक म्हणून गेला आणि काकापो (न उडणारा पोपट), किवी होडीत घालून त्या बेटावर सोडू लागला. त्याच देशात, त्याच वर्षी! त्यामुळे "तेव्हा कोणाला सुचणार होतं" हे मला मान्य नाही.

तर्कट

रिचर्ड हेन्रीचा मुद्दा दमदार आहे, घेतला. पण त्याचे पक्षीही पुढे वाचले नाहीत ना? स्टोट तिथे पोहत पोचले असं वाचलंय.

पिंगळा

हो, १९०० मध्ये बेटावर स्टोट दिसला आणि मेहनत वाया गेली. पण माणसाने हातपाय हलवले होते.

मनीची_आई

स्टोट म्हणजे?

वेलिंग्टनकर

मुंगसाच्या सवयीचा, लांबट अंगाचा शिकारी प्राणी. आधी ससे सोडले, ते बेसुमार वाढले, मग ससे मारायला स्टोट सोडले. स्टोट सशांपेक्षा पक्ष्यांच्या मागे लागले. आज इथे जागोजागी त्यांचे सापळे लावतात. आमच्या गल्लीत बऱ्याच घरांच्या परसात उंदरांचे सापळे आहेत, शनिवारी सकाळी किती अडकले याची चर्चा शेजाऱ्यांत होते. देश २०५० पर्यंत उंदीर, स्टोट, पॉसम (झाडांवर राहणारा केसाळ प्राणी) यांच्यापासून मुक्त करायचा सरकारी कार्यक्रम २०१६ साली जाहीर झाला आहे.

दर्यावर्दी

धागा आवडला. माझी नोकरी जहाजावरची, त्यामुळे बेटांबद्दल दोन शब्द.

आपल्याकडचं नारकोंडम ठाऊक आहे का? अंदमानच्या पूर्वेला एकटंच, सात चौरस किलोमीटरही नाही. बोटीवरून बघितलं तर पाण्यातून सरळ वर आलेला ज्वालामुखीचा सुळका, वरपर्यंत हिरवागार, माथ्यावर बहुतेकदा ढग. नारकोंडम धनेश जगात फक्त तिथेच, संख्याही फार थोडी. तिथे पोलीस चौकी झाली, खायला बकऱ्या नेल्या, त्या मोकाट होऊन रानातली रोपं खाऊ लागल्या. उंबरवर्गातली झाडं वाढली नाहीत तर धनेशाने खायचं काय, आणि जुने वृक्ष पडल्यावर ढोलीला झाड कुठून आणायचं? अभ्यासकांनी पाठपुरावा केला आणि बकऱ्या काढून टाकल्या गेल्या. २०१२ मध्ये तिथल्या रडारवरूनही बराच वाद झाला होता.

तिथेही चौकी, इथेही दीपगृह. दोन्ही गरजेची, जहाजाच्या माणसाला दिव्याचं महत्त्व मी वेगळं सांगायला नको. पण बेटावर सामान उतरवताना त्यात कोणते प्राणी आहेत हे बघणारा माणूस पाहिजे.

मेघना_क

@दर्यावर्दी, +१. बकऱ्या वेळेत निघाल्या, ही यातली फार मोठी गोष्ट. नाहीतर काय होतं त्याचं उदाहरण याच रेन कुळात आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाशी स्ट्यूअर्ट बेटाजवळ बिग साउथ केप नावाचं बेट आहे. १९६० च्या दशकात तिथे होड्यांतून उंदीर शिरले. १९६४ पर्यंत बेटावर सुळसुळाट. वन्यजीव खात्यातल्या डॉन मर्टन वगैरे तरुण मंडळींनी तातडीने जायला हवं असा आग्रह धरला, तर काही शास्त्रज्ञांचं मत होतं की उंदरांमुळे जात नामशेष होते हे सिद्ध झालेलं नाही. अखेर ते गेले. सॅडलबॅक जातीचे ३६ पक्षी पकडून उंदीर नसलेल्या बेटांवर सोडले, आज ती जात त्यामुळे शिल्लक आहे. बुश रेन मात्र सहाच हाती लागले. कैमोहू बेटावर सोडले, तगले नाहीत. १९७२ नंतर तो कोणाला दिसलेला नाही. लायल्स रेनचा हा चुलतभाऊ. त्याच बेटावरचा एक पाणलावा आणि एक वटवाघूळही गेलं. एकदाच उंदीर शिरले आणि तीन जाती गेल्या.

सुलूताई

अवांतर होईल, पण डोडोची आठवण झाली. दोन डोडो सुरतेला आणलेले होते ना? कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय.

पिंगळा

@सुलूताई, बरोबर. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६२८ नंतरच्या काही वर्षांत सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय, मॉरिशसहून आणलेले. जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं मानलं जाणारं डोडोचं रंगीत चित्रही आहे, ते आता सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात असतं. जिवंत डोडोवरून काढलेल्या विश्वासार्ह चित्रांत त्याचा मान मोठा आहे. लायल्स रेनचं जिवंतपणी काढलेलं एकही चित्र नाही. आज जी चित्रं दिसतात ती कातड्यांवरून बेतलेली.

मनीची_आई

कुठेतरी एखादा उरला असेल अशी आशा नाही का? आपला रानपिंगळा नाही का शंभर वर्षांनी सापडला!

पिंगळा

सभासदनाम घेण्यामागे तोच आहे. १८८४ नंतर नमुना नाही, नामशेष मानला गेला आणि १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या जंगलात भर दिवसा बसलेला दिसला. न्यूझीलंडमध्येही टाकाहे हा निळा, कोंबडीहून मोठा पक्षी १९४८ मध्ये फिओर्डलँडच्या डोंगरांत पुन्हा सापडला.

पण सातपुडा आणि फिओर्डलँड अफाट आहेत, पक्ष्याला लपायला जागा आहे. स्टीफन्स बेट दीड चौरस किलोमीटर. त्यावर मांजरांचं राज्य तीस वर्षं. शिवाय दीपगृहाच्या माणसांच्या गुरा-मेंढ्यांसाठी बरंच रान साफ केलं गेलं. नाही हो, तिथे आशा नाही.

तर्कट

एक गोष्ट अजून कळली नाही. पक्षी संपत आले की मांजरांनाही खायला मिळेनासं व्हायला हवं. मग मांजरं घटतील, थोडे पक्षी वाचतील. तसं का झालं नाही?

वेलिंग्टनकर

फार चांगला प्रश्न. कारण मांजरं रेनवर जगत नव्हतीच. या बेटावर फेअरी प्रायन नावाचे समुद्रपक्षी बिळांत घरटी करतात, लाखांच्या संख्येने. शिवाय टुआटारा हा पुरातन सरपटणारा प्राणी, आजही तिथे किमान तीस हजार असावेत असा अंदाज आहे. प्रायनच्याच बिळांत राहतो. मांजरांना पोटभर खाणं कायम होतं. रेन त्यांना वाटेत मिळाला तर मिळाला. म्हणून तो शेवटच्या पक्ष्यापर्यंत गेला आणि मांजरं मात्र वाढतच राहिली. तिथला पियोपियो हा पक्षीही बेटावरून गेला.

मांजरांच्या तावडीतून सुटलं काय, तर हॅमिल्टनचा बेडूक. माथ्याजवळ दगडांचा ढीग आहे, त्याच्या खोल फटींत तो राहिला. आता त्या ढिगाभोवती कुंपण आहे, टुआटारांनी बेडूक खाऊ नयेत म्हणून. झाडंही पुन्हा लावली जाताहेत.

अनुजा_प

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुलांसाठी मी असं योजलंय: आधी न्यूझीलंडचा पूर्ण नकाशा, त्यावर हाडं जिथे सापडली तो सगळा भाग रंगवायचा. मग उंदीर आले की रंग पुसत आणायचा, शेवटी एक ठिपका उरेल. त्या ठिपक्यावर दिवा, मांजरं, जहाज. टिबल्स हे नाव वगळते. आणि रिचर्ड हेन्री नक्की सांगणार, होडीत पक्षी घेऊन जाणारा माणूस मुलांच्या लक्षात राहील.

तर्कट

नाव वगळू नका असं माझं मत. दहा वर्षांच्या मुलाला नावाशिवाय गोष्ट लागत नाही. नाव सांगा आणि ते मागाहून आलं हेही सांगा.

मनीची_आई

मला वगळलेलं बरं वाटेल. मुलं घरी जाऊन मांजरांना दगड मारतील. मांजर घरात ठेवा, विशेषतः पिल्लांच्या दिवसांत संध्याकाळी आणि पहाटे बाहेर सोडू नका, एवढं सांगितलंत तर मी स्वतः येऊन मुलांशी बोलेन. आमच्या तिघी सोसायटीच्या बागेत जात नाहीत, गॅलरीला जाळी आहे.

सुलूताई

वेलिंग्टनकर, या कुळातलं आता कोणी उरलंय की सगळेच गेले? यंदा मुलीकडे वेलिंग्टनला येणार आहे, बघायला मिळेल का?

वेलिंग्टनकर

@सुलूताई, दोन जाती उरल्या आहेत. रॉक रेन दक्षिण बेटाच्या उंच डोंगरांत, तो अवघड. दुसरा तितिपौनामू, इंग्रजीत रायफलमन, तो तुम्हाला शहरातच दिसू शकेल. झीलँडिया नावाचं अभयारण्य आहे, भोवती साडेआठ किलोमीटरहून लांब उंदीर-मांजर रोखणारं कुंपण. २०१९ मध्ये तिथे तितिपौनामू आणून सोडले, आता त्यांची वीण होते.

सहा-सात ग्रॅमचा जीव, शेपूट नावापुरती. बुंध्याच्या तळाशी सुरुवात करून सालीतले किडे टिपत गोल गोल वर चढतो, सारखे पंख फडकावतो, वर पोचला की पुढच्या झाडाच्या तळाशी उतरून पुन्हा सुरू. आवाज इतका बारीक आणि वरच्या पट्टीतला की वय झालेल्या अनेकांना तो ऐकूच येत नाही. तेव्हा नातवंडांना बरोबर न्या, त्यांना ऐकू आला की ते सांगतील कोणत्या झाडाकडे बघायचं. सकाळी लवकर जा, वरच्या धरणाच्या बाजूने. यायच्या आधी निरोप टाका, मी येतो सोबत.